मुंबई दक्षिण लोकसभा मतदारसंघ

मुंबई दक्षिण हा महाराष्ट्रातील ४८ लोकसभा मतदारसंघांपैकी एक मतदारसंघ असून भारतीय निवडणूक आयोगाच्या यादीत त्याचा क्रमांक ३१ आहे. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकावरील कुलाब्यापासून उत्तरेस वरळी, परळ व शिवडीपर्यंतचा प्रदेश या मतदारसंघात मोडतो. हा मतदारसंघ खुल्या प्रवर्गातील आहे. १९५२ ते २०२४ या काळात येथे झालेल्या १८ सार्वत्रिक निवडणुकांतून आठ व्यक्ती लोकसभेवर निवडून गेल्या. पहिल्या निवडणुकीनंतरच्या १७ निवडणुकांपैकी नऊ वेळा ही जागा एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेली. कोणत्याही एका पक्षाचा कायमचा बालेकिल्ला नसलेला, अटीतटीचा मतदारसंघ अशी त्याची ओळख आहे. २०१४ पासून अरविंद सावंत हे येथील खासदार आहेत.

मलबार हिल, कुलाबा व फोर्ट यांसारख्या धनिक आणि व्यापारी वस्त्यांमुळे हा मतदारसंघ देशातील सर्वांत श्रीमंत मतदारसंघांपैकी एक मानला जातो. तथापि गिरगावातील जुन्या चाळी, लालबाग-परळचे गिरणगाव, भेंडीबाजार व डोंगरीतील दाट वस्ती आणि वरळी-शिवडीतील बीडीडी चाळी हेही याच मतदारसंघाचे भाग आहेत. मतदारांची खरी संख्या या वस्त्यांमध्ये आहे.

## विधानसभा मतदारसंघ

मुंबई दक्षिणमध्ये मुंबई शहर जिल्ह्यातील पुढील सहा विधानसभा मतदारसंघ समाविष्ट आहेत.

- १८२ वरळी: वरळी, लोअर परळ व लगतचा गिरणी परिसर
- १८३ शिवडी: लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी
- १८४ भायखळा: भायखळा, माझगाव, मदनपुरा, आग्रीपाडा
- १८५ मलबार हिल: वाळकेश्वर, ग्रँट रोड व गिरगावचा मोठा भाग
- १८६ मुंबादेवी: भेंडीबाजार, डोंगरी, उमरखाडी, कामाठीपुरा
- १८७ कुलाबा: कुलाबा, कफ परेड, फोर्ट, चर्चगेट

दादर हा गिरगाव-परळशी सांस्कृतिकदृष्ट्या जोडलेला भाग असला, तरी तो माहीम विधानसभा मतदारसंघात आणि पर्यायाने मुंबई दक्षिण मध्य लोकसभा मतदारसंघात येतो.

## सीमांचा इतिहास

या मतदारसंघाच्या इतिहासाचे २००९ पूर्वीचा आणि २००९ नंतरचा असे दोन भाग पडतात. २००४ च्या निवडणुकीपर्यंत मुंबई दक्षिणमध्ये कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस आणि मलबार हिल हे सहा विधानसभा मतदारसंघ होते. म्हणजेच मतदारसंघाची उत्तर सीमा साधारणपणे गिरणगावाच्या अलीकडे संपत असे. त्याच्या उत्तरेला मुंबई दक्षिण मध्य हा स्वतंत्र मतदारसंघ होता आणि त्यात शिवडी, परळ, वरळी, चिंचपोकळी, नागपाडा व माझगाव हे विधानसभा मतदारसंघ होते.

२००८ मध्ये अमलात आलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेत हे चित्र पालटले. शहराची लोकवस्ती उपनगरांकडे सरकल्यामुळे मुंबई शहर जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघांची संख्या १७ वरून १० वर आली. ऑपेरा हाऊस, खेतवाडी, उमरखाडी, परळ, चिंचपोकळी, दादर इत्यादी मतदारसंघ संपुष्टात आले. जुना मुंबई दक्षिण आणि जुना मुंबई दक्षिण मध्य यांचा बहुतेक प्रदेश एकत्र करून आजचा मुंबई दक्षिण तयार झाला. मुंबई दक्षिण मध्य हे नाव कायम राहिले, परंतु ते आता माहीम, धारावी, वडाळा, शीव कोळीवाडा, चेंबूर आणि अणुशक्ती नगर या निराळ्या प्रदेशास लागू झाले. त्यामुळे २००४ पर्यंतचे आणि त्यानंतरचे निकाल एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

## निवडणुकांचा इतिहास

### स. का. पाटील यांचा काळ (१९५२–१९६७)

पहिल्या तीन निवडणुका काँग्रेसचे सदाशिव कान्होजी तथा स. का. पाटील यांनी जिंकल्या. पाटील यांनी मुंबईचे महापौरपद भूषविले होते. मुंबई काँग्रेसच्या संघटनेवर आणि निधीसंकलनावर त्यांची घट्ट पकड होती. पुढे ते केंद्रीय मंत्रिमंडळातही होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पाटील यांनी मुंबई महाराष्ट्रात समाविष्ट करण्यास उघड विरोध केला. २० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवर त्यांची व मोरारजी देसाई यांची सभा लोकांनी उधळून लावली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटन येथे जमलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. या चळवळीतील हुतात्म्यांचे स्मारक असलेला हुतात्मा चौक याच मतदारसंघात आहे. असे असूनही १९५७ च्या निवडणुकीत पाटील येथून विजयी झाले. त्या वेळी मतदारसंघात गुजराती, मारवाडी, पारशी व अन्य व्यापारी समाजाचे प्रमाण मोठे होते आणि मराठी कामगारांची मुख्य वस्ती त्याच्या हद्दीबाहेर होती. त्याच निवडणुकीत गिरणगावाच्या बाजूने कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे लोकसभेवर गेले.

### १९६७: जॉर्ज फर्नांडिस यांचा विजय

१९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाने महापालिकेतील नगरसेवक व कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांना पाटील यांच्याविरुद्ध उभे केले. पाटील तेव्हा रेल्वेमंत्री होते आणि त्यांचा पराभव अशक्य मानला जात होता. पाटील हरू शकतात ही गोष्ट मतदारांच्या मनावर ठसविण्यावर फर्नांडिस यांच्या प्रचाराचा भर होता. त्यांना सुमारे ४८.५ टक्के मते मिळाली व पाटील पराभूत झाले. टॅक्सीचालक, महापालिका कर्मचारी आणि फेरीवाले यांच्यातील संघटनकार्याचा या विजयात मोठा वाटा होता. या निकालानंतर फर्नांडिस यांची राष्ट्रीय पातळीवर ‘जायंट किलर’ अशी ओळख निर्माण झाली.

### १९७१–१९८०

१९७१ च्या इंदिरा गांधी लाटेत ही जागा काँग्रेसकडे परतली व एन. एन. कैलास निवडून आले. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाचे रतनसिंह राजदा विजयी झाले. १९८० मध्ये देशभर काँग्रेसचे पुनरागमन होत असताना मुंबईतील सहापैकी पाच जागा जनता पक्षाने राखल्या. राजदा यांची जागा त्यांपैकी एक होती. देशव्यापी लाटेच्या विरुद्ध कौल देण्याची या शहराची क्षमता त्या निकालातून दिसली.

### देवरा आणि मेहता (१९८४–२००४)

१९८४ मध्ये मुंबईचे माजी महापौर व मुंबई प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष मुरली देवरा येथून प्रथम निवडून आले. १९८९ व १९९१ मध्येही त्यांनी जागा राखली. १९८९ पासून भारतीय जनता पक्ष व शिवसेना यांच्या युतीमुळे काँग्रेसविरोधी मतांना एक स्थिर व्यासपीठ मिळाले. १९९६ मध्ये भाजपच्या जयवंतीबेन मेहता यांनी देवरा यांचा पराभव केला. मेहता या येथून लोकसभेवर गेलेल्या आजवरच्या एकमेव महिला होत.

यानंतरचे दशक या मतदारसंघाच्या इतिहासातील सर्वांत चुरशीचे ठरले. १९९८ मध्ये मुरली देवरा परत आले, १९९९ मध्ये जयवंतीबेन मेहता पुन्हा जिंकल्या व केंद्रात ऊर्जा राज्यमंत्री झाल्या, तर २००४ मध्ये मुरली देवरा यांचे पुत्र मिलिंद देवरा यांनी मेहता यांना सुमारे १० हजार मतांनी हरविले. अशा रीतीने १९९६ ते २००४ या आठ वर्षांत सलग चार निवडणुकांत जागेचा पक्ष बदलला. १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची स्थापना होऊन काँग्रेसची संघटना दुभंगली होती आणि २००४ मध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र लढल्या, हीसुद्धा या चढउतारांची पार्श्वभूमी होती.

### शेजारचे गिरणगाव

आजच्या मतदारसंघाचा उत्तर भाग १९५२ ते २००४ या काळात वेगळ्या राजकीय परंपरेत वाढला. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक विजयी होऊन शिवसेनेचे पहिले आमदार झाले. गिरणगावात लाल बावट्याची जागा भगव्याने घेण्याची ती सुरुवात मानली जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप फसला, परंतु १९८४ मध्ये सामंत मुंबई दक्षिण मध्यमधून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. १९८९ मध्ये वामनराव महाडिक यांनी ही जागा शिवसेनेला मिळवून दिली व १९९१ ते २००४ या काळात मोहन रावले येथून सलग पाच वेळा निवडून आले. २००९ मध्ये हाच शिवसेनेचा गड मुंबई दक्षिणमध्ये आला.

### २००९: मतविभागणी

पुनर्रचनेनंतरच्या पहिल्या निवडणुकीत मराठी मतदारांचे प्रमाण वाढल्यामुळे शिवसेनेला अनुकूलता अपेक्षित होती. प्रत्यक्षात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या उमेदवारीने गणित बदलले. प्रमुख उमेदवारांना मिळालेली मते पुढीलप्रमाणे होती.

- मिलिंद देवरा (काँग्रेस): २,७२,४११
- बाळा नांदगावकर (मनसे): १,५९,७२९
- मोहन रावले (शिवसेना): १,४६,११८

देवरा १,१२,६८२ मतांनी विजयी झाले. मात्र नांदगावकर व रावले यांच्या मतांची बेरीज ३,०५,८४७ होते, म्हणजे ती विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा ३३ हजारांहून अधिक आहे. मनसेच्या उमेदवारीमुळे पाच वेळा खासदार राहिलेले रावले तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले.

नोव्हेंबर २००८ मधील दहशतवादी हल्ल्यांची बहुतेक ठिकाणे याच मतदारसंघात होती. त्या पार्श्वभूमीवर बँकर मीरा सन्याल यांनी अपक्ष उमेदवारी केली. सुशिक्षित वर्गात या उमेदवारीची पुष्कळ चर्चा झाली, तरी तिचे मतांत रूपांतर झाले नाही.

### २०१४ व २०१९: शिवसेनेचा विजय

२०१४ मध्ये युतीतर्फे शिवसेनेचे अरविंद सावंत उभे राहिले. महानगर टेलिफोन निगममधील कामगार संघटनेतून पुढे आलेले सावंत यापूर्वी विधान परिषदेचे सदस्य होते. त्यांनी मिलिंद देवरा यांना सुमारे १ लाख २८ हजार मतांनी हरविले. मनसेच्या बाळा नांदगावकर यांची मते सुमारे ८४ हजारांपर्यंत घसरली. आम आदमी पक्षातर्फे लढलेल्या मीरा सन्याल सुमारे ४० हजार मतांवर राहिल्या.

२०१९ मध्ये सावंत यांना ४,२१,९३७ व देवरा यांना ३,२१,८७० मते मिळाली. मताधिक्य १,००,०६७ होते. उद्योगपती मुकेश अंबानी यांनी देवरा यांच्या समर्थनार्थ दिलेली चित्रफीत या प्रचारात गाजली. मनसेने ही निवडणूक लढविली नाही. निकालानंतर सावंत केंद्रात अवजड उद्योग मंत्री झाले. शिवसेना व भाजप यांची युती तुटल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

### २०२४: दोन शिवसेनांची लढत

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटास दिले. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीही शिंदे गट हीच शिवसेना असल्याचा निर्णय दिला. नार्वेकर हे याच मतदारसंघातील कुलाब्याचे आमदार आहेत. १४ जानेवारी २०२४ रोजी मिलिंद देवरा यांनी काँग्रेस सोडून शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला आणि नंतर ते राज्यसभेवर गेले. महाविकास आघाडीत ही जागा शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) या पक्षाला सुटल्यामुळे १९५२ पासून या जागेवर प्रमुख दावेदार असलेल्या काँग्रेसचा स्वतःचा उमेदवार येथे नव्हता.

महायुतीतर्फे भायखळ्याच्या तत्कालीन आमदार यामिनी जाधव यांना उमेदवारी मिळाली. मनसेने महायुतीला पाठिंबा दिला. २० मे २०२४ रोजी मतदान झाले. सावंत यांना ३,९५,६५५ व जाधव यांना ३,४२,९८२ मते मिळाली. मताधिक्य ५२,६७३ होते, म्हणजे २०१९ च्या तुलनेत सुमारे निम्मे.

विधानसभानिहाय आकडे मतदारसंघातील दुभंग स्पष्ट करतात. सावंत यांना भायखळ्यात सुमारे ४६ हजार, मुंबादेवीत सुमारे ४१ हजार, शिवडीत सुमारे १७ हजार आणि वरळीत साडेसहा हजारांहून अधिक मतांची आघाडी मिळाली. जाधव यांनी मलबार हिलमध्ये सुमारे ४८ हजार व कुलाब्यात सुमारे ९ हजार मतांची आघाडी घेतली. पक्षप्रमुखांचे पुत्र आदित्य ठाकरे आमदार असलेल्या वरळीतील आघाडी सर्वांत लहान होती. मुस्लिम मतदारांचे प्रमाण मोठे असलेल्या भायखळा व मुंबादेवी या दोन मतदारसंघांनी मिळून सुमारे ८७ हजारांची आघाडी दिली. एकेकाळी शिवसेनेच्या विरोधात मतदान करणाऱ्या वस्त्यांनी या वेळी तिच्या एका गटाला विजयी केले, हे या निकालाचे सर्वांत उल्लेखनीय अंग होय.

## खासदारांची यादी

| निवडणूक | खासदार | पक्ष |
|---|---|---|
| १९५२ | स. का. पाटील | काँग्रेस |
| १९५७ | स. का. पाटील | काँग्रेस |
| १९६२ | स. का. पाटील | काँग्रेस |
| १९६७ | जॉर्ज फर्नांडिस | संयुक्त समाजवादी पक्ष |
| १९७१ | एन. एन. कैलास | काँग्रेस |
| १९७७ | रतनसिंह राजदा | जनता पक्ष |
| १९८० | रतनसिंह राजदा | जनता पक्ष |
| १९८४ | मुरली देवरा | काँग्रेस |
| १९८९ | मुरली देवरा | काँग्रेस |
| १९९१ | मुरली देवरा | काँग्रेस |
| १९९६ | जयवंतीबेन मेहता | भाजप |
| १९९८ | मुरली देवरा | काँग्रेस |
| १९९९ | जयवंतीबेन मेहता | भाजप |
| २००४ | मिलिंद देवरा | काँग्रेस |
| २००९ | मिलिंद देवरा | काँग्रेस |
| २०१४ | अरविंद सावंत | शिवसेना |
| २०१९ | अरविंद सावंत | शिवसेना |
| २०२४ | अरविंद सावंत | शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) |

## विधानसभा निवडणूक, २०२४

लोकसभा निकालानंतर सहा महिन्यांच्या आत झालेल्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने राज्यात मोठे यश मिळविले, तरी मुंबई दक्षिणमधील सहापैकी चार जागा महाविकास आघाडीकडे गेल्या.

- वरळी: आदित्य ठाकरे यांनी मिलिंद देवरा यांचा ८,८०१ मतांनी पराभव केला. येथे मनसेचाही उमेदवार होता.
- शिवडी: अजय चौधरी यांनी मनसेचे बाळा नांदगावकर यांचा ७,१४० मतांनी पराभव केला.
- भायखळा: मनोज जामसुतकर यांनी यामिनी जाधव यांचा सुमारे ३१ हजार मतांनी पराभव केला.
- मुंबादेवी: काँग्रेसचे अमीन पटेल यांनी शायना एन. सी. यांचा सुमारे ३४ हजार मतांनी पराभव केला.
- मलबार हिल: भाजपचे मंगलप्रभात लोढा सुमारे ६८ हजार मतांनी विजयी झाले.
- कुलाबा: भाजपचे राहुल नार्वेकर सुमारे ४८ हजार मतांनी विजयी झाले.

जागांच्या दृष्टीने निकाल ४-२ असा असला, तरी मतांचे गणित निराळे आहे. महाविकास आघाडीच्या चार विजयांतील मताधिक्यांची बेरीज सुमारे ८२ हजार होते, तर भाजपच्या केवळ दोन विजयांतील मताधिक्यांची बेरीज सुमारे १ लाख १६ हजार होते. शिवडीत मनसे हा मुख्य प्रतिस्पर्धी असल्यामुळे ही तुलना ढोबळ आहे. तरीही लोकसभेतील ५२ हजारांचे मताधिक्य सुरक्षित मानता येत नाही, एवढे त्यावरून दिसते.

## मतदानाचे प्रमाण

दक्षिण मुंबईतील मतदान राज्याच्या सरासरीपेक्षा सातत्याने कमी राहिले आहे. २००९ मध्ये ते सुमारे ४० टक्के होते. त्या वर्षी मतदान गुरुवारी, ३० एप्रिल रोजी होते आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्याने अनेक जण शहराबाहेर गेल्याची चर्चा झाली. २०१४ मध्ये प्रमाण सुमारे ५२ टक्क्यांवर गेले. २०१९ मध्ये ते ५२ टक्क्यांच्या किंचित खाली व २०२४ मध्ये सुमारे ५० टक्के राहिले. या दोन्ही वर्षी मतदान सोमवारी, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कुलाब्यातील मतदान सुमारे ४४ टक्केच होते.

कमी मतदानाचा अटीतटीच्या लढतीवर थेट परिणाम होतो. २०२४ मध्ये सुमारे १५ लाख ३६ हजार नोंदणीकृत मतदार होते व त्यांपैकी निम्म्यांनी मतदान केले नाही. सावंत यांच्या मतदारांपैकी सुमारे २६,३५० जणांनी प्रतिस्पर्ध्यास मत दिले असते, तर निकाल फिरला असता. ही संख्या एकूण नोंदणीकृत मतदारांच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. याउलट मतदानास न गेलेल्यांची संख्या साडेसात लाखांहून अधिक आहे.

## प्रमुख स्थानिक प्रश्न

घरे व पुनर्विकास. गिरगाव, काळबादेवी, भायखळा व परळ येथील हजारो उपकरप्राप्त इमारती शंभरीच्या आसपास पोहोचल्या आहेत. पागडीच्या भाडेकरूंचे हक्क, रखडलेले पुनर्विकास प्रकल्प, संक्रमण शिबिरांतील दीर्घ वास्तव्य आणि थकलेले घरभाडे हे प्रश्न प्रत्येक निवडणुकीत उपस्थित होतात. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींपैकी वरळी, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील चाळी या मतदारसंघात आहेत. वरळीतील पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्यात १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. शिवडीच्या चाळी मुंबई बंदराच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतील जमिनीवर असल्याने तेथील निर्णयात खासदाराची भूमिका अधिक महत्त्वाची ठरते.

गिरण्यांच्या जमिनी. बंद गिरण्यांच्या जागी लोअर परळ व वरळी येथे व्यापारी संकुले आणि उत्तुंग निवासी मनोरे उभे राहिले. त्यामुळे कामगार कुटुंबांचे उपनगरांकडे व ठाणे-रायगडकडे स्थलांतर झाले आणि उच्च उत्पन्न गटातील नवे मतदार आले. गिरणी कामगारांना मुंबईतच घरे मिळावीत ही मागणी आजही प्रलंबित आहे.

पायाभूत सुविधा. शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये व सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो मार्गिका ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतील कुटुंबांना घरे सोडावी लागली. सागरी मार्गामुळे वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला.

## पुढील निवडणुकांतील शक्यता

लोकसभेची पुढील सार्वत्रिक निवडणूक नियोजित वेळापत्रकानुसार २०२९ मध्ये अपेक्षित आहे. या जागेच्या भवितव्यावर प्रामुख्याने तीन गोष्टींचा परिणाम संभवतो.

पहिली गोष्ट म्हणजे आघाड्यांची रचना. ५ जुलै २०२५ रोजी वरळी येथील मेळाव्यात उद्धव व राज ठाकरे सुमारे दोन दशकांनंतर एका राजकीय व्यासपीठावर आले. जानेवारी २०२६ मधील मुंबई महापालिका निवडणूक दोन्ही पक्षांनी युती करून लढविली, तर काँग्रेस या युतीबाहेर राहिली. २२७ जागांच्या महापालिकेत भाजप ८९ जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला व ठाकरे यांच्या शिवसेनेला ६५ जागा मिळाल्या. लोकसभेच्या दृष्टीने या युतीचे दोन परस्परविरोधी परिणाम संभवतात. २००९ मध्ये मराठी मतांच्या विभागणीने निकाल ठरला होता व ती विभागणी शिवडी-वरळीत टळू शकते. दुसरीकडे २०२४ चा विजय ज्या भायखळा-मुंबादेवीच्या मतांवर उभा होता, तेथे काँग्रेस वेगळी लढल्यास आघाडी घटू शकते. मराठी कामगार वस्ती आणि मुस्लिम वस्ती या दोन्हींना एकत्र ठेवल्याशिवाय मलबार हिल व कुलाब्यातील भाजपचे मताधिक्य भरून काढणे २०२४ च्या आकड्यांनुसार अवघड आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे लोकवस्तीतील बदल. पुनर्विकासात मूळ रहिवासी त्याच जागी राहिले तर मतदारसंघाचे स्वरूप टिकेल. ते घरे विकून बाहेर गेल्यास वरळी व शिवडी यांचा कल हळूहळू बदलू शकतो. २०२४ मध्ये वरळीत मिळालेली अल्प आघाडी या बदलाचे लक्षण असल्याचे मत काही निरीक्षकांनी मांडले आहे. मनसेच्या उमेदवाराने घेतलेली मते आणि उमेदवारांचा वैयक्तिक प्रभाव ही त्या भागातील निकालांची इतर कारणेही सांगितली जातात.

तिसरी गोष्ट म्हणजे मतदारसंघाच्या सीमा. जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती व २०११ मध्ये ती ३०,८५,४११ इतकी कमी झाली. संविधानातील ८४ व्या दुरुस्तीनुसार लोकसभेच्या जागांचे फेरवाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविलेले आहे. त्यानंतरच्या पुनर्रचनेत लोकसंख्येचा निकष कायम राहिल्यास हा मतदारसंघ उत्तरेकडे आणखी विस्तारू शकतो. महिला आरक्षणाची तरतूद करणारी १०६ वी घटनादुरुस्तीही पुनर्रचनेशी जोडलेली असल्याने ही जागा आरक्षित होण्याची शक्यता नाकारता येत नाही. २००८ मध्ये परळ आणि लालबाग जोडले गेल्यावर या मतदारसंघाचे राजकारण बदलले होते. पुढील पुनर्रचनेतही सीमारेषा कोठे आखली जाते, यावर येथील लढतीचे स्वरूप अवलंबून राहील.

## हे सुद्धा पहा

- मुंबई दक्षिण मध्य लोकसभा मतदारसंघ
- महाराष्ट्रातील लोकसभा मतदारसंघ
- संयुक्त महाराष्ट्र चळवळ
- गिरणगाव
- बृहन्मुंबई महानगरपालिका